नकाशावरील कोरी जागा

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गास आम्हीं एक काम नेमून दिलें होतें. शाळेभोंवतालच्या एक मैल मुलुखाचा नकाशा प्रत्येकानें स्वतः फिरून काढावयाचा, असें तें काम. आठ दिवसांनीं वह्या आल्या. त्यांत एका विद्यार्थ्याचा नकाशा पाहून आम्हांस फार समाधान वाटलें. रेषा सुबक, अक्षर वळणदार, चारी कोपरे भरलेले. ओढ्यापलीकडे शेतें व आंब्यांची एक राई दाखविलेली. त्यास आम्हीं दहांपैकीं नऊ गुण दिले. एका विद्यार्थिनीच्या नकाशाचा ईशान्य कोपरा मात्र कोरा होता. ओढ्याच्या रेषेपाशीं तिनें शिसपेनीनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें, "ओढ्यास पाणी होतें. पलीकडे गेलें नाहीं." काम अपुरें, असा शेरा मारून आम्हीं तिला पांच गुण दिले.

दिवाळीच्या सुटीनंतर, पाणी ओसरल्यावर, सर्व वर्गास घेऊन आम्ही तो ओढा ओलांडून गेलों. तेथें शेतें नव्हतीं आणि आंब्यांची राईही नव्हती. होती ती एक जुनी, सोडून दिलेली दगडांची खाण. तिच्यांत पुरुषभर पाणी सांचलेलें. नऊ गुणांचा नकाशा हातीं धरून कोणी परका मनुष्य तिन्हीसांजेच्या वेळीं त्या बाजूस गेला असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको. तो मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. परंतु खरी मान खालीं घालावयाची ती आम्हीं, कारण न पाहिलेल्या राईला गुण देणारे आम्हीच होतों. सहामाहीचे गुण तोंपर्यंत प्रगतिपुस्तकांत चढले होते व पालकांच्या सह्याही होऊन गेल्या होत्या. ते बदलणें आमच्या हातीं उरलें नव्हतें. निदान जें शिकलों तें चार लोकांसमोर मांडावें, म्हणून वार्षिकाच्या संपादकांकडे ही जागा आम्हीं मागून घेतली.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: नकाशावरील कोरी जागा ही लाजेची गोष्ट नव्हे, न पाहतां भरलेली जागा ही लाजेची गोष्ट होय. हें म्हणणें वर्गांतील पांच-चार गुणांपुरतेंच खरें आहे, असें कोणास वाटेल. तसें तें नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर जेथें नकाशा काढणें अत्यंत अवघड, त्या उत्तर ध्रुवाकडील पर्वतमय ओसाड प्रदेशांत या गोष्टीची परीक्षा झालेली आहे, आणि तेथें ती गुणांनीं झाली नाहीं, प्राणांनीं झाली.

प्रथम नकाशा कसा तयार होतो हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. भूमापक सपाट जागीं एक रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजून घेतो. तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या एकाच शिखराकडे थिओडोलाइट नांवाच्या यंत्रानें पाहतो आणि कोन मोजतो. एक बाजू व दोन कोन कळले म्हणजे त्रिकोण पुरा होतो, व शिखरावर पाऊल न ठेवितांही त्याचें अंतर निघतें. मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी त्रिकोणांची साखळी पसरत जाते. म्हणजे प्रत्येक नवा त्रिकोण मागल्या त्रिकोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून उभा असतो. एक कोन डोळ्यांनीं न पाहतां अंदाजानें मांडला, तर तो एकटाच चुकत नाहीं. त्याच्यावर टेकलेले सारे त्रिकोण चुकतात. हें काम सह्याद्रीच्या उन्हातान्हांतही कष्टाचें आहे. मग जेथें हिवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाहीं, बोटें यंत्राच्या धातूस चिकटतात आणि उन्हाळ्यांत तेंच मैदान चिखल व डांस यांनीं भरून जातें, तेथें भूमापकास 'एवढा कोपरा अंदाजानें काढून टाकूं' असा मोह किती होत असेल, याची कल्पना करावी.

आतां ग्रीनलंडची गोष्ट. १८९२ सालच्या जुलै महिन्यांत रॉबर्ट पिअरी हा अमेरिकन प्रवासी आपला सोबती आयविंद आस्त्रुप याच्यासह ग्रीनलंडचें हिमाच्छादित पठार ओलांडून ईशान्येच्या टोंकाजवळील एका कड्यावर पोहोंचला. तेथून उत्तरेस त्यास खोलगट भाग दिसला. हा समुद्राचा फांटा असून त्यानें ग्रीनलंडचें उत्तरेकडील टोंक मुख्य भूमीपासून तोडलें आहे, असा त्यानें तर्क केला. पिअरी खोटें बोलला, असें आमचें म्हणणें नाहीं. दूरवरून, थकलेल्या डोळ्यांनीं पाहिलेल्या देखाव्याचा त्यानें अर्थ लाविला, एवढेंच. परंतु नकाशावर एकदां रेषा उमटली म्हणजे ती पाहिलेली कोणती व तर्कानें काढलेली कोणती, हें पुढच्या माणसास सांगत बसत नाहीं. 'पिअरीची सामुद्रधुनी' नकाशांत आली आणि वाचणारे तिला खरी मानूं लागले.

पुढें १९०६ सालीं डेन्मार्कमधून लुडविग मिलियुस-एरिक्सन याच्या नेतृत्वाखालीं एक मोठी मोहीम त्याच किनाऱ्याचा नकाशा पुरा करण्यास निघाली. १९०७ च्या वसंत ऋतूंत कुत्र्यांनीं ओढावयाच्या बर्फगाड्या घेऊन दोन तुकड्या उत्तरेकडे गेल्या. प्रत्यक्ष किनारा नकाशांतल्यापेक्षां पूर्वेस फारच पुढें सरकलेला निघाला. त्यामुळें वाट लांबली आणि शिधा कमी पडूं लागला. मे महिन्याच्या अखेरीस दोन्ही तुकड्यांची गांठ पडली. कोख याची तुकडी परत फिरली. मिलियुस-एरिक्सन मात्र त्या सामुद्रधुनीचा छडा लावण्यासाठीं पश्चिमेकडे वळला. त्याजबरोबर नकाशे काढणारा ह्योग हागेन व योर्गन ब्रॉन्लुंड असे दोघे होते. ब्रॉन्लुंड हा ग्रीनलंडचाच रहिवासी. तो शिक्षक व धर्मशिक्षक, म्हणजे आमच्याच व्यवसायांतला मनुष्य होता, हें वाचून आम्हांस तो विशेष जवळचा वाटला.

त्या तिघांस सामुद्रधुनी सांपडली नाहीं, कारण ती नव्हतीच. नकाशावर जेथें पाणी होतें तेथें जमीन निघाली. तोंवर बर्फ वितळून परतीची वाट बंद झाली. उन्हाळा उपासमारींत काढून, फाटक्या पादत्राणांनीं ते शरद ऋतूंत परत फिरले. नोव्हेंबरांत प्रथम हागेन व मागून मिलियुस-एरिक्सन यांनीं प्राण सोडले. ब्रॉन्लुंड एकटा, ओसरत्या चांदण्यांत, गारठलेल्या पायांनीं अन्नाच्या एका सांठ्यापर्यंत येऊन पोहोंचला. पुढें चालणें शक्य नाहीं हें ओळखून त्यानें आपल्या वहींत सोबत्यांच्या मृत्यूची हकीकत लिहिली. १९०८ च्या मार्च महिन्यांत कोख व टोबियास गाब्रिएल्सन यांना त्याचें शव मिळालें. त्याजवळ ती वही होती आणि हागेननें काढलेले नकाशे होते. मरणाच्या दारीं या शिक्षकानें स्वतःच्या अंगावरचें ओझें कमी केलें असेल, पण सोबत्याचे नकाशे टाकले नाहींत. मागल्या चुकीच्या रेषेनें आपणांस फसविलें, पुढच्या माणसास फसवूं नये, ही जाणीव त्या ओझ्यांत होती, असें आम्हांस वाटतें.

तरीही मिलियुस-एरिक्सनच्या स्वतःच्या नोंदी मिळाल्या नव्हत्या. त्या शोधण्यासाठीं १९०९ सालीं आयनार मिकेल्सन हा डॅनिश प्रवासी निघाला. इव्हर इव्हर्सन या एका सोबत्यासह तो १९१० मध्यें डॅन्मार्क फ्योर्ड नांवाच्या खाडीपर्यंत गेला. तेथें दगडांच्या एका राशींत त्यास मिलियुस-एरिक्सनचा लेख मिळाला: पिअरीची सामुद्रधुनी अस्तित्वांत नाहीं. हें एक वाक्य घेऊन ते दोघे परतले, तों आपलें जहाज बर्फानें चिरडलेलें व सोबती निघून गेलेले पाहिलें. जहाजाच्या लांकडांनीं बांधलेल्या झोंपडींत त्यांनीं दिवस काढले, व १९१२ च्या उन्हाळ्यांत एका नॉर्वेजियन जहाजानें त्यांची सुटका केली. नकाशावरील एक रेषा खोडण्यास एवढी किंमत पडली. ती रेषा मुळांत तुटक काढली असती, तर कदाचित् एक तुटक शब्द लिहूनच भागलें असतें!

याच मिकेल्सनचा एक जुना मित्र होता, अर्नेस्ट लेफिंगवेल. हा अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतल्या एका पाद्र्याचा मुलगा. वडील एका शाळेचे प्रमुख होते. १९०६ सालीं हे दोघे मिळून अलास्काच्या उत्तर किनाऱ्याकडे गेले. त्या काळीं कांहीं विद्वानांची अशी समजूत होती कीं, अलास्काच्या उत्तरेस समुद्रांत एखादा मोठा भूप्रदेश दडलेला असावा. १९०७ च्या वसंतांत गोठलेल्या समुद्रावरून हे चालत गेले आणि बर्फास भोंकें पाडून दोरीनें खोली मोजीत राहिले. कांहीं अंतरावर समुद्राचा तळ एकाएकीं खोल गेला. त्यांच्या वाटेवर जमीन नव्हती, व तसें त्यांनीं येऊन सांगितलें. कांहीं न सांपडल्याची बातमी घेऊन येणें हें नवा देश सांपडल्याच्या बातमीइतकें कीर्तिदायक नसतें. परंतु तें तितकेंच उपयोगी असतें.

त्यांचेंही जहाज बर्फानें निकामी केलें. फ्लॅक्समन बेटावर जहाजाच्या लांकडांचें घर बांधून लेफिंगवेल तेथेंच राहिला. मिकेल्सन निघून गेला. लेफिंगवेल मात्र मधून मधून स्वदेशीं जाऊन पुनः पुनः परत येत असे. १९०६ ते १९१४ या काळांत त्यानें नऊ उन्हाळे व सहा हिवाळे तेथें घालविले. बर्फगाडीनें व लहान होडीनें एकतीस फेऱ्या केल्या, सुमारे ४,५०० मैल प्रवास केला. किनाऱ्याचा, तसेंच कॅनिंग नदी व तिच्या पूर्वेकडील पर्वतांचा त्यानें नकाशा तयार केला. हे पर्वत म्हणजे आज ब्रूक्स पर्वत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रांगेचा पूर्व भाग. त्याचा ग्रंथ अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें १९१९ सालीं प्रसिद्ध केला. जमिनींत बर्फाच्या पाचरी कशा तयार होतात, म्हणजे हिवाळ्यांत भूमीस भेगा पडून त्यांत वसंतांत पाणी शिरतें व गोठतें, आणि हें वर्षानुवर्षें चालून पाचर रुंद होत जाते, हें त्याचें विवरण आजही शास्त्रज्ञांस मान्य आहे. एवढें कशानें साधलें? आमच्या मतें, अपुरें राहिलेलें काम अंदाजानें न भरतां तो पुनः त्या जागीं गेला, यानें साधलें.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. हा प्रदेश 'कोरा' होता म्हणजे कोणाच्या नकाशावर कोरा होता? तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इन्युपियात लोकांस तेथील नद्या, खिंडी व शिकारीच्या वाटा ठाऊक होत्या. लेफिंगवेलनें त्यांजकडून नांवें विचारून घेतलीं. ओक्पिलाक या नदीच्या नांवाचा अर्थ 'जेथें विलोचीं झुडपें नाहींत' असा आहे. सरपण मिळणार नाहीं, हें वाटसरूस त्या एका नांवांतच कळतें. असें नांव म्हणजे कागदावांचून काढलेला नकाशाच होय. तेव्हां आपली कोरी जागा ही पुष्कळदां आपल्या अज्ञानाची खूण असते, त्या भूमीच्या रिकामेपणाची नव्हे. ओढ्यापलीकडील खाणीची माहिती गांवांतल्या वडारी कुटुंबांस होतीच. आमच्या वर्गानें त्यांस विचारलें नव्हतें, एवढेंच.

प्रामाणिक नोंदीचें फळ किती उशिरां पिकतें, याचेंही उदाहरण याच डोंगरांत आहे. १९०७ सालीं लेफिंगवेलनें ओक्पिलाक हिमनदीचें छायाचित्र घेतलें. २००४ सालीं मॅट नोलन या शास्त्रज्ञानें पुनः तेंच दृश्य टिपलें. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवितांच हिमनदी किती आटली व मागें हटली हें लहान मुलासही दिसतें. मधल्या सत्याण्णव वर्षांत पृथ्वीचें तपमान वाढत गेलें, त्याची ती साक्ष होय. पहिल्या चित्रकर्त्यास या प्रश्नाची कल्पनाही नव्हती. त्यानें जें होतें तें टिपलें, म्हणून पुढच्या शतकाच्या प्रश्नास उत्तर मिळालें.

कोणी म्हणेल, आतां या साऱ्याचें काय प्रयोजन? आकाशांतून उपग्रह पाहत आहेत, मोबाइलवर जगाचा नकाशा उघडतो. कोरी जागा उरली कोठें? याचें उत्तर ब्रूक्स पर्वतच देतो. १९५० नंतरच्या दशकांत विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून अमेरिकन सरकारनें तेथील नकाशे काढले. त्यांत या रांगेंतील सर्वांत उंच शिखर कोणतें, यावर नकाशांचेंच एकमत होईना. एक नकाशा चेंबरलिन शिखराकडे बोट दाखवी, तर दुसरा इस्टो शिखराकडे. आणि हा वाद पन्नास वर्षांहून अधिक चालला. शेवटीं २०१४ सालीं मॅट नोलन यानें लहान विमानांतून असंख्य छायाचित्रें घेऊन त्यांवरून संगणकाच्या साहाय्यानें शिखरांचीं रूपें उभीं केलीं, आणि किट देलॉरिए ही गिर्यारोहक उपग्रहांशीं जोडलेलें मापनयंत्र घेऊन शिखरांवर गेली. २०१६ सालीं निर्णय प्रसिद्ध झाला: इस्टो २,७३५.६ मीटर, म्हणजे सर्वांत उंच, हबली दुसरें, आणि चेंबरलिन तिसरें, सुमारे २,७१२ मीटर. आपलें कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून मुलांनीं त्या उंचीचा अंदाज करावा. पन्नास वर्षें दुसऱ्या जागेंत कोणाचेंही नांव न येणारें हबली एकाएकीं चेंबरलिनच्या वर जाऊन बसलें, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. अलास्काच्या उंचसखलपणाचें नवें मापन २०१० पासून रडारच्या साहाय्यानें हातीं घ्यावें लागलें, कारण जुन्या नकाशांत डोंगर व नद्या आपल्या जागेवरून सरकलेल्या होत्या. तात्पर्य, नकाशा भरलेला दिसतो म्हणून तो पुरा झाला असें होत नाहीं. आमच्या ओढ्यापलीकडील खाण मोबाइलच्या नकाशांतही हिरव्या रंगाखालीं झांकलेली आहे, आम्हीं पाहिलें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व तो आमच्याच एका सहशिक्षकानें घेतला. ते म्हणाले, "कोऱ्या जागेस गुण देऊं लागलां, तर आळशी मुलें सारा कागद कोरा देतील आणि त्यालाच प्रामाणिकपणा म्हणतील." हें खरें आहे. म्हणून प्रामाणिक कोरी जागा व आळसाची कोरी जागा यांतला भेद सांगणें आम्हांस प्राप्त आहे. प्रामाणिक कोऱ्या जागेच्या कडेला तीन गोष्टी असतात: आपण कोठवर गेलों, कशानें अडलों, आणि पुनः केव्हां जाणार. आळसाच्या कोऱ्या जागेवर यांतली एकही नसते. त्या विद्यार्थिनीनें पहिल्या दोन लिहिल्या होत्या. तिसरी तिला विचारणें हें आमचें काम होतें, आणि तें आम्हीं केलें नाहीं. कोरी जागा म्हणजे सूट नव्हे, तें कर्ज होय. फेडावयाचें असतें म्हणूनच तें वहींत स्पष्ट लिहून ठेवावयाचें असतें.

पालकवर्गासही दोन शब्द सांगावेसे वाटतात. सायंकाळीं मूल वही दाखवूं लागलें म्हणजे आपण बहुधा विचारतों, "सगळें भरलेंस ना?" आम्ही शाळेंतही हेंच विचारीत आलों. या प्रश्नाचें उत्तर देण्यास मूल लवकर शिकतें. इतिहासाच्या उत्तरांत न वाचलेलीं कारणें भरतें, प्रयोगाच्या वहींत न घेतलेलीं मापें भरतें, आणि मोठें झाल्यावर हिशेबाच्या वहींत न झालेला खर्चही भरूं शकतें. एक हात एकाच संवयीनें तीनही ठिकाणीं चालतो. यापुढें आपण दोघांनीं मिळून निराळा प्रश्न विचारूं या: "यांतलें तूं स्वतः काय पाहिलेंस?" उत्तर थोडें येईल. थोड्या उत्तरानें रागावूं नये.

येत्या वर्षापासून आमच्या वर्गांत नकाशाच्या कामाचा नियम असा राहील: पाहिलेलें शाईनें काढावें, विचारून कळलेलें शिसपेनीनें काढून सांगणाराचें नांव लिहावें, तर्कानें कळलेलें तुटक रेषेनें दाखवावें, आणि बाकीची जागा कारण लिहून कोरी ठेवावी. चारही गोष्टींस गुण आहेत. न पाहिलेल्या आंबराईस मात्र एकही नाहीं.

ओढ्यापलीकडे गेलों त्या दिवशीं वर्ग परत फिरूं लागला, तरी ती विद्यार्थिनी खाणीच्या कांठीं मागें राहिली. आम्हीं हांक मारली. ती म्हणाली, "सर, पावलें मोजतें आहें. थोडा वेळ थांबावें." सर्व वर्ग थांबला.